बिऱ्हाडबस

शाळेच्या सेवेतून निवृत्त झालेली बस विकत घ्यायची, तिच्यातली बाके उपटायची, त्या जागी बिछाने, ओटा आणि संडास बसवायचा आणि सहकुटुंब सहपरिवार महिनोन्‌महिने रस्त्यावर राहायचे, या प्रकाराचे माहेर अमेरिका हे आहे. अशा बसला तिकडे ‘स्कूली’ म्हणतात. एकटादुकटा तरुण किंवा नुकतेच लग्न झालेले जोडपे असे राहू लागले, तर त्याला जीवनशैली म्हणतात आणि तिची छायाचित्रे सुरेख येतात. आई, वडील, सहा मुले आणि एक कुत्रा राहू लागले, की त्याला व्यवस्थापन म्हणावे लागते. छायाचित्रे तेव्हाही काढली जातात, पण प्रत्येकात कोणाचा तरी पाय येतो. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा प्रकार आहे.

या प्रकाराचा आरंभ श्रीमंतांनी केला, हे आज फारसे कोणी सांगत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या हंटिंग्टन येथील रोलंड कॉंकलिन हे गृहस्थ बस बनवणाऱ्या कंपनीचे अध्यक्षच होते, त्यामुळे बस कुठून मिळवायची हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. त्यांनी २५ फूट लांब आणि ८ टन वजनाची ‘जिप्सी व्हॅन’ बांधून घेतली. तिच्यात स्वयंपाकघर होते, वीज तयार करणारे जनित्र होते, पुस्तकांचे दडवलेले कपाट होते, ग्रामोफोन होता आणि छतावर बाग होती. ऑगस्ट १९१५ मध्ये कॉंकलिन कुटुंब एवढा संसार घेऊन देश ओलांडायला निघाले. त्या काळी शहराबाहेरचे बहुतेक रस्ते मातीचे होते. त्यांवरून ८ टनांचे घर नेताना काय होत असेल, याची कल्पना पावसाळ्यात गावाकडच्या रस्त्याला लागलेल्या कोणालाही करता येईल.

पन्नासेक वर्षांनी बस बंडखोरांच्या हाती गेली. १९६४ साली कादंबरीकार केन केसी याने १९३९ च्या बनावटीची शाळेची जुनी बस नाना रंगांनी माखली आणि मित्रमंडळींना घेऊन कॅलिफोर्नियातून थेट न्यूयॉर्कचे जागतिक प्रदर्शन गाठले. ते कुटुंब नव्हते, त्यामुळे वेळेवर जेवण्याची अडचण त्यांना आली नाही. त्यानंतर सॅन फ्रान्सिस्कोचा स्टीफन गॅस्किन आणि त्याचे काही शे अनुयायी बसगाड्यांच्या तांड्याने देशभर हिंडले. या तांड्यात लेकुरवाळी मंडळी होती. १९७१ मध्ये हे सगळे टेनेसी राज्यात समरटाउनजवळ थांबले आणि तिथे त्यांनी शेतजमीन घेतली. बसमध्ये राहून झाल्यावर माणसाला पहिली ओढ जमिनीची लागते, असे यावरून दिसते. पडद्यावरही हा विषय येऊन गेला आहे. १९७० मध्ये सुरू झालेल्या ‘द पार्ट्रिज फॅमिली’ या मालिकेत एक विधवा आई आणि तिची पाच मुले रंगीत बसमधून गाण्याचे कार्यक्रम करत फिरतात. २०१६ च्या ‘कॅप्टन फँटॅस्टिक’ या चित्रपटात एक बाप सहा मुलांना बसमधून नेतो. बसचे नाव स्टीव्ह. दोन्हींत गाणी आहेत, भांडणे आहेत, निसर्ग आहे. सांडपाण्याचा विषय मात्र कोणी लांबवलेला नाही, आणि बसमधल्या संसाराचा निम्मा वेळ त्यातच जातो.

शाळेची बस साधारणपणे बारा ते पंधरा वर्षे मुले वाहते आणि मग लिलावात निघते. किंमत काही हजार डॉलर. जाणकार लोक आधी बसच्या खाली आडवे होऊन तळ पाहतात, कारण उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते मीठ बसचा तळ खाऊन टाकते. म्हणून ऍरिझोनासारख्या कोरड्या राज्यातल्या बसला मागणी असते. जाणकार नसलेले लोक आधी आत जाऊन बघतात आणि “केवढी जागा आहे!” असे म्हणतात. मोठी बस ७२ मुलांसाठी असते, हे त्यांनी वाचलेले असते. एका बाकावर तीन लहान मुले या हिशेबाने तो आकडा आलेला असतो आणि ती मुले अर्ध्या तासात उतरतात, हे त्यांनी लक्षात घेतलेले नसते. ७२ च्या ठिकाणी आठ म्हणजे चैनच, हे गणित बस दारात येईपर्यंत टिकते.

मग रंगाचा प्रश्न उभा राहतो. या बसचा पिवळा रंग सहज आलेला नाही. एप्रिल १९३९ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात फ्रँक सायर या प्राध्यापकाने परिषद बोलावली होती. तेव्हाच्या ४८ राज्यांतून माणसे आली, सात दिवस बसली आणि त्यांनी शाळेच्या बसबद्दल ४४ मानके ठरवली. रंगाच्या अनेक छटांच्या पट्ट्या भिंतीवर लावल्या होत्या. त्यांतून ही एक निवडली, कारण पहाटेच्या आणि तिन्हीसांजेच्या मंद उजेडात तिच्यावरची काळी अक्षरे नीट वाचता येतात. शाळेची बस लाल दिवे लुकलुकवत थांबली, की इतर वाहनांनी थांबलेच पाहिजे असा कायदा आहे. आत शाळकरी मुले नसून कोणाचा तरी संसार असेल, तर लोकांना उगाच थांबवणे योग्य नाही, म्हणून अनेक राज्यांत खासगी मालकाला रंग बदलावा लागतो, अक्षरे पुसावी लागतात आणि दिवे व थांबण्याची पाटी काढावी लागते. ४८ राज्यांना रंग ठरवायला सात दिवस पुरले. आठ जणांच्या कुटुंबाला ते पुरत नाहीत. प्रत्येकाचे मत वेगळे असते आणि धाकट्याचे दर तासाला बदलते. शेवटी निदान छत तरी पांढरे करावे, एवढ्यावर तडजोड होते, कारण पांढऱ्या छताखाली उन्हाळ्यात जरा कमी भाजते.

बाके काढणे हे काम दोन दिवसांत उरकेल असे समजले जाते. प्रत्येक बाक जमिनीला बोल्टने आवळलेले असते आणि प्रत्येक बोल्टवर पंधरा वर्षांचा गंज, सांडलेले सरबत आणि हिवाळ्यातल्या बुटांचा चिखल बसलेला असतो. पाना त्यावर चालत नाही. ग्राइंडर आणावा लागतो, ठिणग्या उडतात, शेजारी खिडक्या लावून घेतात. बाकांखाली चघळून चिकटवलेल्या गमचे थर सापडतात, पेन्सिली सापडतात, न केलेला गृहपाठ सापडतो. मुले या टप्प्यावर फार उत्साहाने मदत करतात. पुढे छताचे पत्रे उघडायचे असतात आणि ते शेकडो रिवेटांनी बसवलेले असतात. मुलांचा उत्साह रिवेटांपाशी संपतो.

बाकांबरोबर आणखी एक गोष्ट जाते आणि ती कामाची असते. उंच पाठीची, जाड गादीची, एकमेकांना खेटून लावलेली बाके ही मुलांना धक्क्यापासून वाचवण्याची पद्धत आहे. १९७७ पासून अमेरिकेत मोठ्या शाळाबसची सुरक्षितता मुख्यतः तिच्यावर उभी आहे, आणि म्हणूनच त्या बसला पट्ट्यांची सक्ती नव्हती. बाके उपटली की हे संरक्षण संपते. शहाणे कुटुंब बस रिकामी केल्यावर पुढे तोंड करून असलेली आणि पट्टे लावलेली आसने पुन्हा बसवते. म्हणजे जागा व्हावी म्हणून बाके काढायची आणि जीव वाचावा म्हणून बाके लावायची. या दोन कामांच्या मधल्या काळाला नूतनीकरण म्हणतात. त्याला तीन महिने लागतील असे ठरते. किती लागले हे नंतर नवरा आणि बायको वेगवेगळे सांगतात.

कायद्याच्या दृष्टीने बसचे घर केव्हा होते, याचेही नियम आहेत. १६ किंवा अधिक माणसांसाठी बनवलेले वाहन चालवायला व्यावसायिक परवाना लागतो. तेच वाहन फिरते घर म्हणून नोंदवले, तर बहुतेक राज्यांत खासगी मालकाला त्यातून सूट मिळते. नोंदणीसाठी चूल, शीतकपाट, संडास, पाण्याची टाकी व नळ, वीज, हवा गरम किंवा थंड करण्याची सोय अशा यादीतल्या काही गोष्टी असाव्या लागतात. कॅलिफोर्नियात किमान चार. आठ माणसे मावतात का, तो प्रश्न यादीत नाही. सरकारने तो कुटुंबावर सोपवला आहे.

आता जागेविषयी. चाळीस फुटी बसमध्ये चालकाची जागा आणि पायऱ्या सोडल्या, तर राहायला सुमारे तीस फूट लांबी आणि साडेसात फूट रुंदी उरते. हे सव्वादोनशे चौरस फूट झाले. मुंबईच्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. तिच्यात आठ-आठ, दहा-दहा माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहिली आणि त्यांनी तिला साहस म्हटले नाही. मात्र चाळीत संडास बाहेर असतो आणि गॅलरी लागूनच असते. बसमध्ये संडास आत येतो आणि गॅलरीसाठी नेवाडाचे वाळवंट वापरावे लागते.

मांडणी बहुधा ठरलेली असते. पुढे बसायची जागा, मग ओटा, मग न्हाणी आणि संडास, मग दोन्ही बाजूंना एकावर एक तीन-तीन बिछाने, आणि शेवटी आई-वडिलांचा पलंग. वडिलांना रात्री पाणी प्यावेसे वाटले, तर त्यांना सहा मुलांच्या मधून जावे लागते. मुलाला रात्री काहीही झाले, तर त्याला फक्त ‘आई’ म्हणावे लागते, आणि ते आठही जणांना ऐकू जाते. प्रत्येक बिछान्याला एक पडदा असतो. पडद्याच्या आतली जागा हा त्या मुलाचा स्वतंत्र प्रांत मानला जातो. त्याच्या सीमेवरून होणारे तंटे रोज मिटवले जातात आणि रोज नव्याने निघतात. छताची उंची सहा-साडेसहा फूट. सहा फुटी बाप त्याच्या खाली वर्षभर राहिला, तर त्याच्या मानेला नम्रता येते. काही जण छताच्या कमानी कापून छत फूट-दोन फूट उंच करून घेतात. त्याचे परिणाम पुढे पुलांच्या संदर्भात येतील.

पाणी हा या संसाराचा मुख्य विषय आहे. घरात पाणी भिंतीतून येते आणि जमिनीत जाते. मधल्या वेळात कोणी किती वापरले, हे भिंत सांगत नाही. बस सांगते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या हिशेबाने तिथले सरासरी कुटुंब घरी दिवसाला ३०० गॅलनहून अधिक, म्हणजे अकराशे लिटरांवर पाणी वापरते. बसमधली चांगली मोठी टाकी १०० गॅलनची. घरच्या सवयी तशाच ठेवल्या, तर सकाळी भरलेली टाकी दुपारच्या जेवणाआधी संपेल. ती चार दिवस पुरवायची, तर आठ जणांत माणशी दिवसाला बारा लिटरसुद्धा येत नाही. त्यात पिणे आले, स्वयंपाक आला, भांडी आली आणि उरलेच तर अंघोळ आली. अंग भिजवायचे, नळ बंद करायचा, साबण लावायचा, नळ सोडायचा, संपले. ही नौदलाची पद्धत आहे. नौदलात मात्र पंधरा वर्षांची मुलगी केस धुवायला नसते.

उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर घर चालवणाऱ्या मराठवाड्यातल्या कोणत्याही बाईला हे खाते प्रशिक्षणाविना सांभाळता येईल. अमेरिकन कुटुंबाला ते शिकावे लागते. टाकीच्या काट्याकडे बघण्याची सवय लागते, दात घासताना नळ सोडणाऱ्याचे नाव पुकारले जाते, आणि काही आठवड्यांत सगळ्यात कडक हिशेबनीस सगळ्यात लहान मूल होते. एरवी त्याला कोणावर ओरडण्याचा अधिकार नसतो. तो इथे मिळतो आणि ते तो पुरेपूर वापरते.

वापरलेले पाणी जाते कुठे? एका वेगळ्या टाकीत, आणि ती टाकीही भरते. संडासाची टाकी तिसरी. ती ठरावीक ठिकाणी नेऊन जाड नळीने रिकामी करायची असते. हे काम बापाकडे असते. त्या वेळी बाकीचे सातही जण निसर्गसौंदर्य पाहण्यात गढलेले असतात. हा त्रास नको म्हणून अनेक कुटुंबे कोरडा संडास बसवतात. त्यात दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात, अन्यथा वास येतो. त्या वेगळ्या ठेवण्यासाठी बसणाऱ्याने नेम धरावा लागतो, आणि सहा मुलांच्या घरात तशी अपेक्षा धरणे हा आशावाद आहे. घनभागात मिसळण्यासाठी नारळाच्या काथ्याचा भुसा वापरतात. हा भुसा बव्हंशी दक्षिण भारतातून आणि श्रीलंकेतून जातो. ज्या सोडणाने कोकणात न्हाणीघराचा बंब पेटतो, त्याच्या भाऊबंदांना सातासमुद्रापलीकडे हे काम करावे लागत असेल, अशी कल्पना नारळ सोलणाऱ्याला नसावी.

विजेचे प्रकरण त्या मानाने सरळ आहे. छतावर सौर तावदाने, खाली बॅटऱ्या. शीतकपाट चालते, दिवे लागतात, सगळ्यांचे फोन भारित होतात. केस वाळवण्याचे यंत्र कोणी लावले, की सगळे एकदम बंद होते आणि ते कोणी लावले याबद्दल अंधारात चौकशी बसते. आई-वडिलांपैकी एकाची तरी नोकरी दूरस्थ असते. उपग्रहावरून इंटरनेट मिळू लागल्यापासून ती वाळवंटातूनही करता येते. बैठकीच्या वेळी सहाही मुलांना कुत्र्यासह बाहेर काढले जाते. पाऊस असेल तर बाहेर काढता येत नाही. मग आई चालकाच्या आसनावर बसून, पाठीमागे महायुद्ध चालू असताना, कंपनीच्या तिमाही उद्दिष्टांवर शांतपणे बोलते. तिच्या संयमाची नोंद कंपनी घेते. तो कुठून आला, हे कंपनीला ठाऊक नसते.

निघण्याचा विधी तासाभराचा आहे. प्रत्येक कपाटाला कडी, प्रत्येक खणाला खिटी, गॅस बंद, खिडक्या बंद, मुले मोजणे, कुत्रा मोजणे, मुले पुन्हा मोजणे. सगळे नीट लागले आहे अशी ग्वाही मिळते. पहिल्या वळणावर काय लागलेले नव्हते ते कळते, बहुधा डाळीचा डबा. मागे कोणी उठून आवरायला जायचे नाही, कारण पट्टे लावलेले असतात. त्यामुळे पुढच्या थांब्यापर्यंत डाळ प्रत्येक वळणावर डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे प्रवास करते.

बस लिटरला तीन-चार किलोमीटर जाते. उतारावर ती आपल्या मर्जीने धावते आणि चढावर ट्रकसुद्धा तिला मागे टाकतात. रॉकी पर्वतातल्या घाटांत उतारालगत वाळू-खडीचे चढते मार्ग ठेवलेले असतात, ब्रेक गेलेल्या अवजड गाड्यांनी शिरून थांबण्यासाठी. मुले ते मार्ग मोजतात. वडील त्या वेळी बोलत नाहीत.

पूल हे निराळे संकट. शाळेची बस साधारण दहा-साडेदहा फूट उंच. छत उंच केले, त्यावर सौर तावदाने चढवली, वर बसायला फळ्यांचा माळा केला, की ती साडेबारा फुटांच्याही वर जाते. नॉर्थ कॅरोलिनातल्या डरॅम शहरात रेल्वेचा एक पूल ११ फूट ८ इंच उंचीचा होता. दिवे, पाट्या, सूचना सगळे असूनही इतक्या ट्रकांची छते त्याने सोलली, की त्याची चित्रफीत जगभर पाहिली गेली. २०१९ मध्ये तो आठ इंचांनी उचलून १२ फूट ४ इंच केला, तरी सोलणे पुरते थांबलेले नाही. म्हणून बसच्या काचेवर आतून, चालकाला दिसेल अशी, बसची उंची ठळक अक्षरांत चिकटवतात. ती इंचांसकट लिहिलेली बरी.

देश पाहायला निघालेल्या कुटुंबाला देशातल्या उत्तम जागी बस नेता येत नाही, ही या प्रकारातली खरी गंमत. मोंटानातल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाच्या प्रसिद्ध घाटरस्त्यावर मधल्या टप्प्यात २१ फुटांहून लांब वाहनाला मनाई आहे. साउथ डकोटातल्या कस्टर उद्यानात सुईच्या नेढ्याच्या नावाचा एक बोगदा आहे; त्याची रुंदी सुमारे आठ फूट आणि बसची रुंदीही आठ फूट. यावर उपाय म्हणून लोक बसच्या मागे लहान मोटार ओढत नेतात. परंतु लहान मोटारीत आठ माणसे मावत नाहीत. आठ माणसे मावतील अशी मोटार ही जवळजवळ दुसरी बसच असते. ती ओढायची म्हणजे पहिलीचा वेग आणखी कमी, डिझेल आणखी जास्त. शेवटी चौघे उद्यान पाहायला जातात, चौघे बस सांभाळतात, आणि दुसऱ्या दिवशी पाळी बदलते. एका दरीसाठी दोन दिवस.

मुक्कामाच्या जागा मात्र पुष्कळ आहेत. पश्चिमेकडच्या राज्यांत केंद्र सरकारच्या मोकळ्या जमिनींवर बहुतेक ठिकाणी फुकट राहता येते, २८ दिवसांत १४ दिवस. ऍरिझोनातल्या क्वार्टझसाइट गावाभोवती हिवाळ्यात अशा फिरत्या घरांची वसाहतच उभी राहते. वॉलमार्टच्या अनेक दुकानांत व्यवस्थापकाने परवानगी दिली, तर रात्रीपुरते वाहनतळावर थांबता येते. तिथे मुले दिव्यांच्या पिवळ्या उजेडात झोपतात आणि आई सकाळी किराणा घेऊन उपकाराची फेड करते. खासगी तळांपैकी काही दहा वर्षांपेक्षा जुनी वाहने घेत नाहीत. बस विकत घेतली तेव्हाच ती त्याहून जुनी होती.

शिक्षणाचे काय, असा प्रश्न आजी दर रविवारी फोनवर विचारते. घरी शिकवणे सगळ्या ५० राज्यांत कायदेशीर आहे, पण नियम राज्याराज्यांत निराळे. न्यूयॉर्कमध्ये आराखडे आणि अहवाल द्यावे लागतात. टेक्सासात जवळपास काहीच कळवावे लागत नाही. त्यामुळे कायमचा पत्ता टेक्सास किंवा साउथ डकोटातला घेण्याकडे कल असतो. या दोन्ही राज्यांत उत्पन्नावर राज्याचा कर नाही, हा योगायोग त्यांच्या ध्यानात आलेला असतो. मुलांचा अभ्यास राष्ट्रीय उद्यानांच्या ‘ज्युनिअर रेंजर’ उपक्रमावर बराचसा चालतो. पुस्तिका सोडवायची, वनरक्षकापुढे शपथ घ्यायची, बिल्ला मिळवायचा. सहा मुले म्हटल्यावर वनरक्षकाला ती शपथ समूहगीतासारखी घ्यावी लागते. चौथीतल्या मुलाला कुटुंबासह वर्षभर राष्ट्रीय उद्यानांत मोफत प्रवेश देण्याचीही सरकारी योजना आहे. मोठ्या कुटुंबात कोणीतरी चौथीत असतेच किंवा लवकरच जाणार असते. सहा मुलांचा हा एवढा एकच निर्विवाद आर्थिक फायदा.

मुलांचे भूगोलाचे ज्ञान या प्रवासात खरोखर वाढते, फक्त त्याचा क्रम वेगळा असतो. साउथ डकोटा म्हटल्यावर त्यांना डोंगरात कोरलेले चार राष्ट्राध्यक्ष आठवण्याआधी वॉल नावाचे गाव आठवते. तिथल्या औषधांच्या दुकानाने १९३० च्या दशकात वाटसरूंना बर्फाचे पाणी फुकट द्यायला सुरुवात केली आणि तशा पाट्या मैलोन्‌मैल लावल्या. ते आजही फुकट आहे. टाकीच्या काट्याकडे बघून वाढलेल्या मुलांना राष्ट्राध्यक्षांपेक्षा हे मोठे वाटते. ती दोन्ही हातांत बाटल्या घेऊन रांगेत उभी राहतात.

भटकंतीत शिक्षण अजिबात नकोच म्हणणारेही होऊन गेले. स्टॅनफर्डमधून डॉक्टर झालेले डोरियन पास्कोविट्झ यांनी व्यवसाय बाजूला ठेवला आणि पत्नी जूलिएट व नऊ मुलांसह २४ फुटी फिरत्या घरात वर्षानुवर्षे समुद्रकिनाऱ्यांवर संसार केला. मुलांना शाळेत घातले नाही, लाटांवर घातले. मुलांतले काही नामवंत लाटास्वार झाले. शाळा न मिळाल्याची खंतही काहींनी पुढे ‘सर्फवाइज’ या माहितीपटात बोलून दाखवली. नऊ मुले, चोवीस फूट: आठ जणांचे चाळीस फुटी बसमधले कुटुंब या उदाहरणाचा उल्लेख फक्त भांडणाच्या वेळी करते, “त्यांच्याकडे बघा” असे म्हणण्यासाठी.

भांडणांविषयी थोडे. घरात रागावलेले माणूस दार आपटून आत जाते. बसमध्ये आपटायला दार नसते. पुढचे दार अनेक बसमध्ये हवेच्या दाबावर चालते: बटण दाबावे लागते, मग ते फुस्स करून सावकाश दुमडते, आणि तेवढ्या वेळात रागावलेल्या माणसाला दारात उभे राहून वाट बघावी लागते. मागे संकटकालीन दार असते, पण ते उघडले की भोंगा वाजतो. त्यामुळे बसमधून कोणालाही रुबाबात निघून जाता येत नाही. एकांत हवा असेल, तर कानात यंत्र खुपसून पडदा ओढून घ्यायचा, किंवा छतावर जायचे, किंवा बस उभी असताना चालकाच्या आसनावर बसायचे. त्या आसनासाठी नंबर लागतात. तिसऱ्या दिवशीही पाऊस असेल, आठ जणांचे श्वास थंड पत्र्याला लागून त्याचे पाणी होऊन ठिबकत असेल आणि सोळा ओले बूट कुत्र्यासह दाराशी पडलेले असतील, तेव्हा आसनाचा नंबर एखाद्या मुलाच्या खाऊच्या बदल्यात विकलाही जातो.

प्रवास संपण्याची कारणे थोडी आणि ठरलेली आहेत. गिअरबॉक्स जातो आणि त्याच्या दुरुस्तीचा आकडा बसच्या मूळ किमतीशी स्पर्धा करतो. किंवा थोरल्या मुलीला सोळावे लागते आणि तिला एका जागी राहणाऱ्या मैत्रिणी हव्या असतात. ही मागणी ती रोज, मोजक्या शब्दांत, फुस्स आवाज करणाऱ्या दारात उभी राहून मांडते. किंवा सातव्या मुलाची चाहूल लागते, आणि बिछाने सहाच आहेत. मग घर भाड्याने घेतले जाते आणि बस विक्रीला निघते.

विक्रीची जाहिरात लिहायला कुटुंब एकत्र बसते. सौर तावदाने किती वॉटची, टाकी किती गॅलनची, टायर केव्हा बदलले हे वडील सांगतात. लाकडाचे काम हाताने केलेले आहे, हे आई घालायला लावते. कोपऱ्यातली गळती घालावी की नाही, यावर मतदान होते आणि बहुमताने ती ‘किरकोळ’ ठरते. दुरुस्त्यांची जुनी बिले सापडतात, पण त्यांची बेरीज कोणी करत नाही. शेवटी ठळक अक्षरांत लिहिले जाते, की या बसमध्ये आठ जण झोपतात. एकाच वेळी झोपतात का, हे ज्याचे त्याने विचारून घ्यायचे असते.